हौदाचं बूच आणि भाताची लोंबी

सुदामा नगरात आमच्या गल्लीला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी पहाटेच मोटारींची घरघर सुरू होते आणि शेजारचे काका एका हातात पाइप, दुसऱ्या हातात पेपर अशा थाटात अंगणातल्या हौदापाशी उभे असतात. मे २०२५ मधली अशीच एक सकाळ. मी तुळशीला पाणी घालत होते. भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, मामांनी हे काय नवीन काढलंय? भातातला हार्मोन वाढवलाय म्हणे. म्हणजे आता आम्ही पोह्यांतून हार्मोन खायचे?"

इंदुरात पोह्यांवर संशय घेतला जाणं ही साधी गोष्ट नाही, त्यामुळे मी तांब्या खाली ठेवला.

मामा म्हणजे शिवराजसिंह चौहान, हे मध्य प्रदेशात कुणाला सांगावं लागत नाही. केंद्रीय कृषिमंत्री या नात्याने त्यांनी ४ मे २०२५ रोजी दिल्लीत भाताची दोन जनुक-संपादित वाणं जाहीर केली. एक 'डीआरआर धान १००', ऊर्फ 'कमला', हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचं. दुसरं 'पुसा डीएसटी राइस १', दिल्लीच्या पुसा संस्थेचं. कमलाबद्दल सरकारचा दावा असा, की मूळच्या सांबा महसुरीपेक्षा उत्पन्न १९ टक्क्यांनी जास्त आणि पीक सुमारे वीस दिवस आधी हाताशी.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी भिंतीवरून दोन वाक्यांत उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. म्हटलं, "काका, हार्मोन घातलेला नाही. हार्मोन संपवणारं जे होतं, ते बंद केलंय." काकांनी क्षणभर हौदाकडे पाहिलं. "म्हणजे नळ मोठा केला नाही, बूच घट्ट बसवलं?"

इतक्या नेमक्या शब्दांत हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं त्या हौदाच्याच आधाराने सांगते.

## आधी नावाचा घोळ

या हार्मोनचं नाव सायटोकायनिन. कोविडच्या काळात रोज कानावर पडणारं 'सायटोकाइनचं वादळ' ते हे नव्हे. सायटोकाइन म्हणजे माणसाच्या आणि प्राण्यांच्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ती प्रथिनं. सायटोकायनिन हा वनस्पतींतला इवलासा रेणू. दोन्ही नावांत 'सायटो' म्हणजे पेशी, एवढंच काय ते नातं. काकूंनी मात्र पेपरातलं नाव वाचून तांदळाचा डबा दोन दिवस बाजूला ठेवला होता, हे मला मागाहून कळलं.

आणखी तीन शब्द लागतील. संप्रेरक म्हणजे हार्मोन: अगदी थोड्या प्रमाणात असतं आणि पेशींना 'आता हे करा' असं सांगतं. जनुक म्हणजे डीएनएवरचा एक मजकूर, ज्यावरून एखादं प्रथिन तयार होतं. आणि विकर म्हणजे जोडायचं-तोडायचं काम करणारं प्रथिन. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या विकराचं काम.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. 'सायटोकायनिन बनवणारं जनुक' असं आपण म्हणतो ते सैल बोलणं आहे. जनुकावरून विकर तयार होतं आणि विकर सायटोकायनिन बनवतं. तरी मीही पुढे सैलच बोलणार आहे, नाहीतर लेख संपायचा नाही.

## झाडाला हे लागतं कशाला?

तुळशीच्या मंजिऱ्या आणि शेंडे खुडत राहा म्हणजे तुळस डेरेदार होते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक होतं. शेंडा खुडला की काही दिवसांत खालच्या पानांच्या बेचक्यांतून दोन-दोन फुटवे डोकावतात. हे असं का होतं? शेंड्यात ऑक्सिन नावाचं दुसरं संप्रेरक तयार होऊन खाली वाहत असतं. वाटेत ते खोडातल्या सायटोकायनिनच्या जनुकांना दटावून गप्प बसवतं. शेंडा गेला की ऑक्सिन आटतं, ती जनुकं जागी होतात आणि बेचक्यात झोपलेला डोळा फुटतो. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर हे जनुकांच्या पातळीवर दाखवलं.

दुसरी गोष्ट फ्रिजमधली. कोथिंबिरीची जुडी चार दिवसांत पिवळी पडते. पान मुळापासून तुटलं की मुळाकडून वर चढणारा सायटोकायनिनचा पुरवठाही तुटतो, आणि पान म्हातारपणाची तयारी करू लागतं. पिवळं पडण्याचं हे एकच कारण नव्हे, पण तोडलेल्या पानांना सायटोकायनिन पुरवलं तर ती जास्त दिवस हिरवी राहतात, हे १९५७ मध्येच दिसून आलं होतं.

म्हणजे सायटोकायनिनचे निरोप मुख्यतः दोन. कोवळ्या पेशीला: 'विभागत राहा.' पानाला: 'इतक्यात म्हातारं व्हायचं नाही.'

पण हे एकट्याने कारभार करत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवून दिलं, की ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळं फुटतात, उलट असेल तर फांद्या. दोन्ही बेताचं असेल तर नुसताच गोळा वाढत राहतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते स्वतःच्या चुकीमुळे. एम. एस्सी.ला असताना तंबाखूच्या पानाच्या तुकड्यांना मुळं फोडायचा प्रयोग होता. मी दशांश चिन्ह एक घर सरकवलं आणि सायटोकायनिन दहापट पडलं. महिन्याभराने बाटलीत मुळाचा एक धागा नाही, नुसता फुलकोबीसारखा दाटीवाटीचा हिरवा पुंजका, त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य फांद्या. सरांनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "ही मुळं का तुमची?"

बुऱ्हाणपूरकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावतात, ती रोपं करताना हेच मुद्दाम करतात. आधी कृत्रिम सायटोकायनिन देऊन एका कोंबाचे अनेक कोंब करायचे, मग ऑक्सिन देऊन प्रत्येकाला मुळं फोडायची. एकसारखी हजारो रोपं मिळतात ती या दोन पायऱ्यांमुळे.

## हेरिंग मासा, धोतरा आणि भुट्ट्याचा कीस

याचा शोध मोठा गमतीचा. १९४१ मध्ये योहानेस फान ओव्हरबीक यांना दिसलं, की धोतऱ्याचे इवले गर्भ बाटलीत वाढवायचे असतील तर नारळाचं पाणी घातल्यावर ते तरारतात. पण नारळाच्या पाण्यात शंभर गोष्टी. त्यांतली नेमकी कुठली?

मिलर फडताळावरच्या बाटल्या एकेक करून घालून पाहत होते. हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली हाती लागली आणि पेशी भराभर विभागू लागल्या. बाटली संपली, नवी मागवली, तर काही घडेना. मग नवा डीएनए प्रेशर कुकरसारख्या यंत्रात वाफेच्या दाबाखाली तापवला आणि पुन्हा जादू चालू! जुन्या बाटलीतला डीएनए मोडला होता, आणि मोडलेल्या तुकड्यांतच हवा तो पदार्थ होता. १९५५ मध्ये त्यांनी तो वेगळा केला आणि कायनेटिन नाव दिलं. म्हणजे वनस्पतींच्या या संप्रेरकघराण्याचा पहिला सापडलेला सभासद माशातून आला.

झाडातलं अस्सल सायटोकायनिन १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या डेव्हिड लेथम यांनी शुद्ध केलं, तेही मक्याच्या कच्च्या, दुधाळ दाण्यांतून. मक्याच्या शास्त्रीय नावावरून त्याला झिअॅटिन म्हणतात. सराफ्यात रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या इंदूरकराला मी आवर्जून सांगते: कोवळा दाणाच का निवडतात? त्याच वयात त्याच्या पेशी जोमाने विभागत असतात, आणि त्याच वयात त्यात हे संप्रेरक भरपूर असतं.

## नळ, तोटी आणि भोकं

आता खरा विषय. एखाद्या पेशीत सायटोकायनिन किती असेल, हे कशावर ठरतं? हौदात पाणी किती, हे ज्यावर ठरतं त्यावरच: किती येतं, किती वापरण्याजोगं होतं, किती जातं.

येण्याची बाजू सांभाळतात आयपीटी नावाची जनुकं. यांची विकरं पेशीतल्या एटीपी-एडीपी या ऊर्जेच्या चलनी नाण्यांना पाच कार्बनची एक शेपटी चिकटवतात. शेपटी चिकटली की रेणू सायटोकायनिनच्या वाटेला लागला. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं तण हे शास्त्रज्ञांचं लाडकं प्रयोगझाड. त्यात या घराण्याची नऊ जनुकं २००१ मध्ये सापडली. एकच नळ पुरला नसता का? नाही, कारण हे नऊ नळ वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी उघडतात. त्यांतला तिसऱ्या क्रमांकाचा जमिनीत नायट्रेट आलं की जोरात उघडतो. याकडे पुढे परत येते.

त्यानंतर आणखी एक विकर शेपटीवर थोडी कलाकुसर करून त्या रेणूला झिअॅटिनच्या घराण्यात नेतं. ते लवकर आटोपू, कारण त्यापुढची पायरी जास्त मजेची आहे.

आलेलं पाणी अजून पिण्याजोगं नसतं. रेणूवर साखर आणि फॉस्फेटचं ओझं असतं आणि ते उतरवल्याशिवाय पेशीला निरोप ऐकू येत नाही. हे ओझं एका झटक्यात उतरवणारं जनुक जपानी शास्त्रज्ञांना भातात सापडलं. ते बिघडलं तर लोंबीचं वाढतं टोक लवकर थकतं आणि फुलं अर्धवट राहतात. भाताच्या फुलात एरवी सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. बिघडलेल्या रोपाच्या फुलात कित्येकदा एकच पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा पत्ताच नाही. शोधणाऱ्यांनी त्या जनुकाचं नाव ठेवलं 'लोनली गाय'. मराठीत सडाफटिंग. २००७ चा हा शोध. शास्त्रज्ञांना विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

आणि जाण्याची बाजू. सीकेएक्स नावाची जनुकं. यांची विकरं कात्रीचं काम करतात: आयपीटीने चिकटवलेली शेपटी ही कापून टाकतात. शेपटी गेली की निरोप संपला. भातात अशी अकरा जनुकं आहेत, म्हणजे हौदाला अकरा भोकं, प्रत्येक वेगळ्या कोपऱ्यात.

संप्रेरक संपवणारी जनुकं झाडाने बाळगावीतच कशाला, असं वाटेल. पण 'विभागत राहा' हा निरोप थांबवताच आला नाही तर काय होतं, ते गुलाबाच्या बुंध्यावर पाहता येतं. अॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्याच डीएनएत घुसवतो. त्या तुकड्यात ऑक्सिनची जनुकं असतात, आणि एक आयपीटीसुद्धा. म्हणजे चोर घरात शिरताना स्वतःचा नळ घेऊन येतो आणि तो सताड उघडा टाकतो. बुंध्यावर खडबडीत गाठ वाढत राहते. सायटोकायनिन बनवणारं जनुक पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १९८४ मध्ये या चोराच्या झोळीत, झाडाचं स्वतःचं सापडायला त्यानंतर सतरा वर्षं लागली.

## मग कमलामध्ये नेमकं काय केलं?

लोंबीला किती दाणे लागणार, हे लोंबी पोटरीतून बाहेर पडायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. खोडाच्या आत, डोळ्यांना दिसणार नाही अशा टोकावर पेशी विभागत असतात. जितका वेळ विभागतील तितके लोंबीचे फाटे जास्त, फाट्यांवर फुलं जास्त, फुलांमागे दाणे जास्त. आणि विभागत राहायचा निरोप कुणाचा, हे आता सांगायला नको.

जपानमधल्या नागोया विद्यापीठातले मोतोयुकी आशिकारी आणि सहकारी दोन भातांची तुलना करत होते: लोकप्रिय पण कमी दाण्यांचा कोशिहिकारी आणि भरघोस दाण्यांचा हाबाताकी. दाण्यांतला फरक कुठल्या जनुकामुळे पडतो याचा माग काढत ते २००५ मध्ये एका सीकेएक्सपाशी, दुसऱ्या क्रमांकाच्या, येऊन थांबले. हाबाताकीत ते जनुक मंद चालतं. लोंबीच्या टोकापाशी सायटोकायनिन साठतं, दाणे वाढतात. निसर्गाने हे बूच आपल्या आधीच बसवून ठेवलं होतं.

हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हेच सांबा महसुरीत केलं. १९८६ मध्ये आंध्रातल्या बापटल्याहून आलेलं हे बारीक दाण्याचं वाण भाताला इतकं रुचकर, की शेतकरी आणि खाणारे दोघेही ते सोडायला तयार नाहीत. त्यात क्रिस्पर ही जनुकं कापायची कात्री वापरली. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल इमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना याच कात्रीसाठी मिळालं. कात्रीला पत्ता दिला की ती डीएनएच्या लाखो ओळींतली नेमकी ती ओळ शोधून कापते. पेशी घाईघाईने टाके घालते आणि त्या गडबडीत दोन-चार अक्षरं इकडची तिकडे होतात. मजकूर बिघडतो, विकर नीट तयार होत नाही, एक भोक बुजतं.

आता दुसऱ्या वाणाची गंमत. 'पुसा डीएसटी राइस १' ची ओळख खारवट जमिनीत आणि पाण्याच्या ताणात तग धरणारा भात अशी करून देतात, त्यामुळे त्याचा कमलाशी संबंध नाही असं वाटतं. पण डीएसटी हे जनुक म्हणजे एक मुकादम आहे, जो इतर जनुकांना कामाला लावतो. त्याच्या हाताखालच्या गड्यांपैकी एक म्हणजे हेच दुसऱ्या क्रमांकाचं सीकेएक्स. चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. एका वाणात गड्याला सुट्टी दिली, दुसऱ्यात मुकादमाला. पेपरातल्या दोन बातम्यांची मुळं अशी एकाच हौदाशी येतात, आणि हे मला कुठल्याच बातमीत वाचायला मिळालं नाही.

## "म्हणजे हे बीटीच झालं की!"

काकांचा दुसरा प्रश्न. निमाडात त्यांच्या मेहुण्यांचा कापूस, त्यामुळे बीटी त्यांना ओळखीचं. २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसात एका जिवाणूचं जनुक कपाशीत आणून ठेवलंय. परक्या घरची सून, काकांच्या भाषेत. कमलामध्ये बाहेरून आलेलं जनुक राहिलेलं नाही, भाताच्याच मजकुरात अक्षरं खोडली आहेत.

'राहिलेलं नाही' हे शब्द मी जपून वापरले, कारण इथे एक रास्त शंका निघते. कात्री पेशीत पोचवायला तिचं जनुक आधी आत घालावंच लागतं ना? सहसा लागतं. पण ते डीएनएवर दुसऱ्याच जागी बसतं, त्यामुळे पुढच्या पिढीत काही रोपांना खोडलेला मजकूर मिळतो आणि कात्री मिळत नाही. एका आईच्या मुलांपैकी एकाला तिचे डोळे मिळावेत, नाक नाही, तसं. अशी रोपं तपासून तेवढीच पुढे नेतात. म्हणूनच पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये, परका डीएनए न उरलेल्या संपादित वनस्पतींना जनुक-बदल पिकांच्या कडक नियमांतून वगळलं.

तो निर्णय बरोबर की चूक, यावर दोन मतं आहेत. हे वाण सरसकट सुरक्षित समजू नका, असं म्हणणाऱ्या संघटनांनी चाचण्यांच्या आकड्यांवरही बोट ठेवलं आणि कृषी अनुसंधान परिषदेने ते आक्षेप फेटाळले. क्रिस्परच्या पेटंटचा प्रश्न वेगळाच: कात्री परदेशी मालकीची असेल तर तिने शिवलेलं बियाणं कितपत आपलं? माझं मत विचाराल तर अक्षरं खोडण्याची मला भीती वाटत नाही. निसर्ग ते रोज करतो, आणि हाबाताकीत त्याने केलंच आहे. पण प्रत्येक ठिकाणच्या चाचणीचे आकडे कुणालाही पाहता येतील असे मांडायला हवेत. आकडे झाकून विश्वास मागणं हा वैज्ञानिकांनीच स्वतःवर करून घेतलेला अन्याय.

हाबाताकीत मुळातच हे आहे तर संकर का नाही केला? करता येतो. पण संकरात एका जनुकाबरोबर शेजारची शेकडो येतात. मग सांबा महसुरीची चव परत आणायला पिढ्यान् पिढ्या मागे-मागे संकर करत बसायचं. लग्नात एक नवरा हवा असतो, पण वरात सगळी जेवायला येते.

## "पोह्यांतून हार्मोन पोटात जातील त्याचं काय?"

जातातच, आणि आजवर जातच होते. नारळपाणी, कोवळा भुट्टा, पालक, मटार, सगळ्यांत सायटोकायनिन असतं. झाड आहे तिथे ते असणारच. निरोप ऐकायला मात्र कान लागतो. या संप्रेरकाला ओळखणारं जे प्रथिन झाडांच्या पेशींत असतं, ते माणसाकडे नाही. इन्शुलिन किंवा थायरॉइडचं नाव काढलं की हार्मोन या शब्दाला एक वजन येतं, तेच वजन इथे लावून चालणार नाही.

एक जास्तीची माहिती सांगते, हवी तर सोडून द्या. ती पाच कार्बनची शेपटी चिकटवणाऱ्या विकराचा एक दूरचा भाऊ आपल्याही पेशीत आहे. तो प्रथिनं बनवताना लागणाऱ्या काही आरएनए रेणूंना तशीच शेपटी लावतो. जीवसृष्टीत ही हातोटी इतकी जुनी आहे.

## "इतकं सोपं, तर अकराही भोकं का नाही बुजवली?"

काकांचा सगळ्यात चांगला प्रश्न हा होता.

पहिलं कारण जमिनीखाली. फांद्यांना जे सायटोकायनिन वाढवतं, तेच मुळांना आखडून ठेवतं. माझ्या त्या बाटलीत मुळाचा धागाही नव्हता, आठवतंय ना? तंबाखूत आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये उलट करून पाहिलं, सीकेएक्स वाढवून हौद रिकामा ठेवला, तर वरचं झाड खुरटलं आणि मुळं मात्र पसरली. तेव्हा सगळी बुचं घट्ट म्हणजे वर लोंब्यांचा घोस आणि खाली तोकडी मुळं. पाऊस आठ दिवस लांबला की असं पीक माना टाकणार. नेमकं लोंबीजवळचंच भोक निवडण्यात सगळं कसब आहे.

दुसरं, दाणे लागणं वेगळं आणि भरणं वेगळं. पंगत वाढवली म्हणून स्वयंपाक वाढत नाही. पानांनी साखर बनवून पुरवली नाही तर लोंबीत पोचट दाणे. शिवाय दाण्यांनी जड झालेली लोंबी वाऱ्याने लोळते. आशिकारींच्या गटाने तेव्हाच हे ओळखून जास्त दाण्यांचं जनुक हरितक्रांतीतल्या बुटक्या ताटाच्या जनुकाशी जोडून दाखवलं होतं.

तिसरं, खत. नायट्रेट आलं की उघडणारा तो तिसरा नळ. युरिया टाकल्यावर जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात, मुळातलं ते जनुक चेततं, सायटोकायनिन रसाबरोबर वर चढतं आणि पानांना कळतं, की खाली माल आलाय, वाढायला हरकत नाही. युरियानंतर पीक काळंभोर हिरवं होतं त्यात नत्राचा वाटा आहेच, पण नत्र आल्याची दवंडी पिटणाऱ्याचाही आहे. कंपोस्टमधून नायट्रेट हळूहळू सुटतं, तेव्हा दवंडीही बेताची. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात राहून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, तेव्हा यातलं एकही जनुक ठाऊक नव्हतं. उकिरड्याची किंमत मात्र त्यांना कळली होती.

नळ मोठा करून पाहिलाच नाही असं नाही. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनच्याच सुशेंग गान आणि रिचर्ड अमासिनो यांनी तंबाखूत त्या चोराचं आयपीटी बसवलं, पण बटण असं लावलं की पान म्हातारं होऊ लागलं तरच ते चालू व्हावं. पान पिवळं पडायला लागतं, नळ उघडतो, पान तरतरीत होतं, नळ आपोआप बंद. टाकीत फ्लोट असतो ना, तस्संच. तेव्हाचं हे काम मला आजही विलक्षण देखणं वाटतं.

## "आमच्या माळव्यात भात कुठाय?"

खरंय, आपलं सोयाबीन. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही इथेच, खंडवा रोडवर. सोयाबीनला लागलेल्या फुलांपैकी बरीच शेंग न धरताच गळतात, आणि फुलांच्या तुऱ्यावर बाहेरून सायटोकायनिन लावलं तर गळ कमी होते असं जुन्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून दुकानदार 'टॉनिक' पुढे करतात. त्यांतल्या समुद्री शेवाळाच्या अर्कांत थोडं सायटोकायनिन असतंही. पण फवारा अख्ख्या झाडावर बसतो, आणि या संप्रेरकाचा सगळा खेळ कुठे आणि कधी यावर चालतो. एका काकडीला मीठ लावायचं म्हणून अख्ख्या ताटावर मीठ भुरभुरवल्यासारखं होतं ते.

ऑगस्टमध्ये काका देपालपूरच्या शेतावरून येताना सोयाबीनचं एक रोप मुळासकट घेऊन आले. "ह्यात तुमचा तो हौद कुठाय दाखवा." मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात त्या ह्या गाठी. जिवाणू मुळाशी आला की मूळ आपल्याच आतल्या पेशींना सायटोकायनिनचा निरोप धाडतं, पेशी विभागतात, पाहुण्याला राहायला खोली तयार. रायझोबियम हा त्या चोर अॅग्रोबॅक्टेरियमचा चुलतभाऊ. एक गाठ बांधून घर लुटतो, दुसरा गाठीत राहून भाडं देतो. २००७ मध्ये लोटस नावाच्या शेंगवर्गीय रोपात एक अवलिया सापडला, ज्याचा सायटोकायनिन ऐकणारा कान कायम उघडा होता. त्याच्या मुळांवर जिवाणू नसतानाही गाठी आल्या. पाहुणा नाही, निरोप नाही, तरी खोल्या बांधून तयार.

काकांनी ओट्यावर बसून एक गाठ नखाने चिरली. आत कोवळ्या हिरड्यांसारखा गुलाबी रंग.

"गुलाबी म्हणजे?"

"म्हणजे काम चालू आहे. आत हिरवट किंवा तपकिरी दिसली तर संपलं समजा."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि उरलेल्या गाठी मोजायला घेतल्या. आतून काकूंनी पोहे तयार असल्याचं सांगितलं, तेव्हा ते एकोणतिसावर होते.